भिंतीतले एकशे चव्वेचाळीस

जनता वसाहतीत, पर्वतीच्या उतारावर,
घर विचारत विचारत चढलो तेव्हा पिशवीत
टेस्टर, पक्कड, मीटर होतं
आणि औंधच्या आयटीआयचं अर्धं वर्ष.
उरलेलं अर्धं बंडगर मिस्त्रींनी तापकीर गल्लीत
चहाच्या बिलामागे लिहून शिकवलेलं:
दोनच आकडे आण, पोरा. दाब आणि धारा.
भागलेस तर कळेल कोण किती अडवतंय,
गुणलेस तर कळेल कोण किती जळतंय.
तिसरं काही गिऱ्हाइकाला विचारायचं नाही.

पण यमुना पाटोळे न विचारताच सांगत होत्या.
दिवाळीपासून तिसरी कॉइल.
सहा डबे, सव्वानऊला निघणारी पोरं,
आणि दूध तापता तापत नाही.
नवरा म्हणतो, शेगडीला काय झालंय, तुझेच हात थंड.
दुकानदार म्हणाला, कॉइल नवी आहे, ताई,
तुम्हालाच दम निघत नाही.

शेगडी उपडी केली, मोजली.
त्रेपन्न ओहम, जरा कमीच.
दोनशे तीसला हजार वॅट. निर्दोष.
मग चालू करून मोजली.
धारा तीन पूर्णांक सहा.
दाब, शेगडीच्या पिनांवर, एकशे नव्वद.
गुणाकार तळहातावर केला, बॉलपेनने:
सहाशे चौऱ्याऐंशी.
बाई हजार वॅटचा स्वयंपाक
सहाशे चौऱ्याऐंशीत करत होती,
वर बोलणी खात होती.

बाहेर मीटरच्या पेटीत दोनशे तीस होते.
म्हणजे दारापासून ओट्यापर्यंत
चाळीस व्होल्ट कुणीतरी वाटेत ठेवून घेत होतं.
चाळीस भागिले तीन पूर्णांक सहा: अकरा ओहम.
सात-आठ मीटर तांब्याला अकरा?
एवढा रोध यायला वायर
इथून सारसबागेपर्यंत ओढायला हवी.
चाळीस गुणिले तीन पूर्णांक सहा:
एकशे चव्वेचाळीस वॅट.
भिंतीत.

नियम मोडून विचारलं,
या भिंतीला टेकून कोण बसतं?
बोका, त्या म्हणाल्या. थंडीभर त्या कोनाड्यात.
मला वाटायचं, भिंतीला ऊन लागतं.

भिंत उत्तरेची.

गिलावा फोडला. आत दोन वायरी,
कुणीतरी घाईत पीळ मारून सोडलेल्या,
टेपचा काळा पाक झालेला,
नाकात जाणारा जळका वास.
आणखी एक हिवाळा, आणि मग मीटर लागलंच नसतं
काय जळलं ते सांगायला.

जुनं कापलं, नवा कनेक्टर बसवला.
त्यांनी माझा तळहात धरून आकडे वाचले,
दोनदा, ओठ हलवत.
म्हणाल्या, हे कागदावर द्या. सही करून.
मी लिहिलं. शेगडी बरोबर. हात बरोबर.
जोड खराब.
कागद त्यांनी मसाल्याच्या डब्याखाली ठेवला.

मग सवयीने पातेलं चढवून नळावर गेल्या,
दोन कळश्या भरून होतात तेवढ्यात.
एकच भरली होती.
मी धावत स्विच बंद केला तोवर
दूध ओट्यावरून खाली टपकत होतं.
रागावल्या नाहीत. कळशी तशीच धरून
त्या सांडलेल्याकडे बघत राहिल्या, हसू दाबत.

निघताना बोका कोनाड्यात आला,
भिंतीला पाठ लावली, उठला,
फिरून पुन्हा लावून पाहिली,
मग माझ्याकडे बघितलं.
त्याला काय लिहून देणार?