मोजदाद

सत्तावीस वर्षं नोटा मोजल्या मी, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
शंभरात एक कमी भरली
की आमच्या खात्याचं दार लागायचं.
हिशोब जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.
डबे उघडायचे, चपला झटकायच्या,
आणि ती सापडायची
मशीनखाली, पालथी, निष्पाप.

आता मी गोळ्या मोजते.
रात्री जेवल्यावर एक.

कासलीवाल डॉक्टरांनी आधी छातीला वायरी लावल्या,
कागदी पट्टीवरचे डोंगर निरखले,
विचारलं, काचबिंदू आहे का?
सर्दीची गोळी मनाने घेता का?
मी म्हटलं, झोप येत नाही, एवढंच.
मग वालदेवीच्या पुलाचं सांगितलं,
मी तिथे किती वेळ उभी राहते ते.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, म्हणाले.
बाकीचं लगेच आलं.
जीभ टाळूला चिकटली,
कोरी नोट नोटेला चिकटते तशी.
पोट अडलं. पेपरातली बारीक अक्षरं पोहायला लागली.
पहिल्या पहाटे ताडकन उठले तर फरशी सरकली.
तेव्हापासून आधी बसायचं, पाय खाली सोडायचे,
वीस मोजायचे, मग उभं राहायचं.
मोजणं मला जमतं.
जेलरोडला मालगाडी ऐकू येते,
कधी डबे मोजते, कधी आकडे.

भाचा धरणाकडच्या वायनरीत कामाला आहे.
आत्या, द्राक्षाचाच तर रस, घे की घोटभर.
नको म्हटलं. का ते नाही सांगितलं.
बाटली अजून मीटरच्या पेटीवर आहे, सीलबंद.

चौथ्या शनिवारी एक कमी भरली.
पाकिटात चार हव्यात, तीनच.
आजची घेतली? आठवेना.
भावाची नात, शाल्मली, चार वर्षांची,
संध्याकाळभर याच खोलीत भातुकली खेळत होती.
बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांवर तिचा जीव.

मी दाराला कडी घातली. का, कुणास ठाऊक.
घरात मी एकटीच होते.

वसंता, तिला उठव.
अगं, झोपलीय ती.
उठव म्हणते ना! तोंडात बघ. गाडी काढ,
सिव्हिलला न्यायचं, काही व्हायची वाट बघायची नाही.
तिकडे पोर रडायला लागली,
आणि फोन कानाला तसाच धरून मी कॉटखाली वाकले.

होती. भिंतीशी, धूळ माखलेली.
आजचीच, हातातून निसटलेली.
सापडली, म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं,
किती महिन्यांनी, ते मात्र मोजलेलं नाही.

सापडली नसती तर तशीच झोपणार होते.
शंका असेल तर दुसरी घ्यायची नाही.
धुळीची कागदात बांधली, परत द्यायला.
दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप आणलं,
किल्ली पोरीचा हात पोचणार नाही अशा खिळ्याला.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या फोडणीचा वास आला.
म्हणजे रोजच येत असणार.
मग वाटलं, झालं की बरं, कशाला आता गोळ्या?
डॉक्टर म्हणाले, एकदम सोडायच्या नाहीत,
उतरवायच्या असतात, जिन्यावरून उतरतो तशा,
आणि कधी ते मी सांगेन.

दर बुधवारी भुतडा मेडिकलमध्ये जाते.
एकदा म्हटलं, महिन्याच्या दे रे, हेलपाटा पडतो.
मुलाने कात्री थांबवली, चिठ्ठीवर बोट ठेवलं:
ताई, आठवड्याच्याच लिहिल्यात.

मला माहीत होतं.
माझीही कुणीतरी मोजदाद ठेवतंय,
सातासातांनी.

सात, तो म्हणतो.
मी काउंटरवरच पुन्हा मोजते.
मागच्या रांगेतला माणूस चुळबुळतो.
चुळबुळू दे.