उधारीच्या वहीतली लढत

वीज गेली की लढत सुरू होते.
बुकॉमच्या या कोपऱ्यावर, माझ्या केंकीच्या पातेल्यापासून
चार पावलांवर, बाकावरचे तिघे
मेलेल्यांना आणि म्हाताऱ्यांना
पंचविशीत आणून उभे करतात.

लाल कोपऱ्यात ओकांटा सोवा.
चोपन्न सालचा. घोड्याचे केस भरलेले हातमोजे,
पहाटे होडी ओढायची, रात्री पंधरा फेऱ्या.
निळ्या कोपऱ्यात लारिया टागो.
एक्क्याण्णवचा. बारा फेऱ्या, टीव्हीचे दिवे,
डॉक्टरने तोलून दिलेला भात.

पहिला वाद वजनाचा.
ओकांटाला म्हणे बंदरावर
कोकोच्या काट्यावर चढवला होता,
दुसऱ्या पारड्यात पोतं.
"पोतं ओलं होतं," आदोतेइ म्हणतो.
"तू होतास तिथं?"
"बाप होता."
बापापुढे कोण बोलणार!

मग फेऱ्या किती?
पंधरा धरल्या तर लारिया तेराव्यात धापा टाकणार,
बारा धरल्या तर ओकांटाचा हात
तेव्हा कुठे गरम होणार.
शेवटी तेरावर तोड निघते.
तेरा फेऱ्यांची लढत जगात कुठं झाली नसेल.
इथं दर शुक्रवारी होते,
आणि घंटा मी वाजवते, झाकणावर पळीने.

मला कुणी विचारत नाही.
विचारलं तर सांगेन माझ्या देदेइचं,
जिने वाळत घातलेल्या जाळ्यांमागे
तीन पोरांना लोळवलं,
आणि चौथ्याशी तिचं लग्न लावलं.
तिच्यासमोर कुणाला उभं करायचं?
जाऊ दे. मासे करपतात.

तर काल. सहावी फेरी.
ओबोदाइ उभा राहिला, मुठी वळून,
पोट बाकाच्या बाहेर:
"लारियाने डावीकडून फिरायचं.
कुमासीच्या लढतीत ओकांटाचा डावा डोळा गेला.
तिकडून आलेला ठोसा त्याला दिसणारच नाही."
"मग कुमासीच्या आधीचा ओकांटा घे!"
"का घ्यायचा? पट्टा त्याने नंतर जिंकला.
एका डोळ्याचा ओकांटाच खरा ओकांटा."
हे सगळ्यांना पटलं.
डावीकडून, डावीकडून, असं ठरत गेलं,
आठवी फेरी संपायला आली.

तेव्हा पायरीवरून आवाज आला,
"मी उजवीकडून जाईन."

खरा लारिया. साठीला टेकलेला.
चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो,
तरी सांडतो, म्हणून मी अर्धाच भरते.
तो तिथं बसतो हे सगळ्यांना माहीत असतं,
त्याच्याबद्दल बोलताना तेवढं विसरतात.

"आठ वर्षांचा होतो.
पहाटे म्हाताऱ्याला मीच किनाऱ्यावर न्यायचो.
डावीकडून गेलं की दचकायचा,
माणसासारखा नाही, कोंबडीसारखा.
म्हणून उजवीकडून जायचं.
आणि जाण्याआधी खोकायचं."

ओबोदाइ म्हणाला, "ते तेव्हा. ही लढत आहे.
उजवीकडून गेलास तर त्याच्या उजव्या हातासमोर जाशील."
"हो."
"हरशील."
"नवव्या फेरीत," लारिया म्हणाला,
जणू तारीख आठवून.
"पण खोकेन आधी."

झाकणावर पळी मारायची राहून गेली.
समोरच्या घरात रेडिओवर कुणी मेल्याची बातमी,
आडनाव ऐकू आलं नाही.
तिघांनी सोंगट्यांचा पट गुंडाळला,
न खेळताच.
लारिया भिंतीला धरून गेला.
वळणावर खोकल्यासारखं वाटलं,
पण चुलीचा धूर होता, मीही खोकत होते.

आमचा नियम: हरणाऱ्याच्या बाजूने पैसे द्यायचे.
काल हरलेला स्वतःच कबूल करून गेला,
आणि त्याच्याकडून मी घेत नाही.
मग कंदील जवळ ओढला, वही उघडली.
पाच केंकी, तीन तळलेले मासे, जास्तीचा शितो.
नाव: ओकांटा सोवा.
पत्ता लिहायची जागा असते, ती मोकळी ठेवली.