परत केल्याची तारीख

स्टेशनात नवा साहेब आला की भाऊ स्वतःच सांगायचे,
"आडनाव अत्तरदे. पण मागू नका,
सध्या फक्त घाम शिल्लक आहे."

सावद्याचं पार्सल ऑफिस.
केळीच्या वॅगनी दिल्लीकडे निघायच्या
आणि वजनकाट्याच्या आडोशाला भाऊ
कुठल्यातरी परक्या देशाच्या बर्फात
गुडघ्यापर्यंत रुतलेले असायचे.
बाहेर मे महिना. सत्तेचाळीस.
"गावात प्रगती केली ती एकट्या पाऱ्यानं."

आई फैजपूरला माहेरी गेली
की माझी वेणी त्यांच्याकडे.
भांग वाकडा निघायचा. मी रडले तर म्हणाले,
"वळणावर रूळ असेच दिसतात, पुढे सरळ आहे."
पुढे सरळ नव्हतं.
त्यांनाही ते माहीत असावं.

गणितात शून्य मिळालं त्या रात्री
काहीच बोलले नाहीत.
सकाळी डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी:
काटा आधी शून्यावर आणावा लागतो.
मग माल चढवायचा.

आई उडदाचे पापड लाटायची,
ते शेजारी बसून कादंबरी वाचायचे, मोठ्यानं.
चौथ्या-पाचव्या पापडाला तिचा प्रश्न ठरलेला.
"मरतो का तो शेवटी? ते आंधी सांगा मले.
मरनार असंन तर जीव नाही लावत."
भाऊ चष्मा काढायचे, पुसायचे.
"इंदू, हे तू लग्नाआधी विचारायला हवं होतंस."

पुस्तकं उसनी द्यायचे, पण रेल्वेच्या रद्दी रजिस्टरात नोंदून.
नाव, पुस्तक, तारीख,
आणि 'परत'च्या रकान्यात पेन्सिलीनं भाकीत:
झोपे मास्तर – आणतील, न वाचता.
कंपाउंडर – वाचेल, आणणार नाही.
माझ्या मामांपुढे नुसतं – पुस्तकाला शुभेच्छा.

गंधमुक्तीच्या दिवशी
लोक टोपी-टॉवेल घेऊन येत होते,
तेव्हा पालहून दोन बसा बदलून
नबाब तडवी आले.
फडक्यात बांधलेलं एक पुस्तक,
सव्वीस वर्षांपूर्वी नेलेलं.
"एकसष्ट ते चौसष्ट बकरीनं खाल्ली, ताई.
तिथं काय झालं, ते भाऊंनाच विचारू म्हणत राहिलो.
राहूनच गेलं."

मी रजिस्टर काढलं.
त्यांच्या नावापुढे:
माणूस येत राहील. पुस्तक येणार नाही.

भाऊ चुकले होते. आयुष्यात एकदाचे
रंगेहाथ सापडले होते मला,
आणि चिडवायला घरात कोणी नव्हतं.
मी पेन्सिलीवरून पेन फिरवलं, तारीख घातली.

तेवढ्यात आई बाहेर आली.
जेमतेम सही करणारी माझी आई.
पुस्तक हातात घेतलं, पानं चाळली,
बकरीच्या दातांवरून अंगठा फिरवला.
"एकसष्ट ना? म्हंजे तापीले पूर येतो तिथून."
नदी तापी नव्हती. कुठलीतरी लांबची होती.
पण ती बसली कुलरसमोर, पदर सावरून,
आणि चार पानं सांगू लागली,
भाऊ थांबायचे तिथं थांबत,
नसलेला चष्मा पुसत.

नबाबकाका पुढे सरकले.
"मग? वाचतो का तो, भाभी?"

"थांबा," आई म्हणाली,
"ते आंधी सांगत नसतात."