मुस्तिक

हीउमा बेटावर नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
साल्मेच्या स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा पिशवीत
पक्कड, लाइन तपासायचा हेडफोन,
आणि लिनक्सचं एक फिनिश पुस्तक.
मला फिनिश अर्धंच कळतं.

"हेल्दुर, तू आयुष्यभर तारा जोडल्यास.
ही पण एक तारच ना?"
नाही म्हणणार होतो,
पण तिनं राईचा पाव कापायला घेतला होता.

यंत्र नातवानं तार्तूहून पाठवलेलं,
त्याआधी तुर्कूतल्या कुठल्याशा कचेरीतलं.
सुरू केलं की ओळीमागून ओळ उतरते,
ठीक, ठीक, ठीक,
आणि टपालाच्या ओळीवर येऊन अडून बसते
तीन मिनिटं.
साल्मे तेवढ्यात चुलीत एक लाकूड सारते.
तिला वाटायचं, दमतं बिचारं.

म्हटलं, आधी मॉडेम.
त्यानं नंबर फिरवला, टूं टीं टूं, अगदी सुरेल,
पलीकडे काहीच नाही.
नो कॅरिअर.
दहा वेळा नो कॅरिअर.
अकराव्यांदा मला हसू आलं.
आमचं एक्स्चेंज एकोणसाठ सालचं,
मीच तेल घातलंय त्याच्या सांध्यांना.
त्याला सूर कुठले कळायला!
त्याला ठोके कळतात:
आठाला आठ, शून्याला दहा.
फाइल उघडली. एटीडीटीतला शेवटचा टी पुसला,
तिथं पी लिहिला,
आणि मॉडेम सुतारपक्ष्यासारखं टकटकायला लागलं.
मग ती किंचाळी, खरखर,
मग शांत.

जोडलं गेलं, तरी पान उघडेना.
आकड्यानं हाक मारली की ओ येई,
नावानं मारली की असं कुणी नाही.
मी खुर्चीत मागे टेकलो.
पूर्वी मला तरी कोण आकडा सांगायचं?
"हेल्दुर, दाई दे," म्हणायचे रात्री दोनला,
आणि मी दाई द्यायचो.
या यंत्राला कुणी हेल्दुर नेमलाच नव्हता.
एका रिकाम्या फाइलीत दोन ओळी लिहिल्या,
तालिनच्या दोन हेल्दुरांचे आकडे.

उरली ती तीन मिनिटं.
विचारलं यंत्राला, बाबा, तू कोण?
म्हणालं: लास्कुतुस-दोन.
म्हणजे बिलं-दोन.
जुन्या कचेरीचं नाव अजून गळ्यात,
रोज उठून साऱ्या जगाला विचारायचं
बिलं-दोन राहतो कुठे,
आणि उत्तराची वाट बघत बसायचं.

साल्मे म्हणाली, "आमचं आडनाव पस्तीस साली बदललं.
मग रशियन कागदांवर माझ्या नावाला बापाचं नाव चिकटवलं.
रस्त्याची पाटी तर तीनदा.
मी बसले का कुठे अडून?"
"तुला हाक मारणारं कुणीतरी होतं."
बोललो, आणि वाटलं, जरा जास्तच बोललो.
ती कॉफी ओतत राहिली.

"ठेव मग नाव."
नावं ठेवण्यात आमचं गाव पटाईत,
पण एकच ठेवायचं म्हटलं की कॉफी निवते.
"मुस्तिक," ती शेवटी म्हणाली.
"गाईचं?"
"नावानं बोलावल्याशिवाय गोठ्यात पाऊल टाकायची नाही.
दारातच उभी. पावसात सुद्धा."

मुस्तिक लिहिलं. पुन्हा सुरू केलं.
पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा लाकूड.
फिनिश पुस्तकाचं उरलेलं अर्ध मग वाचलं,
बोट ठेवून, एकेक शब्द.
एका जागी लिहून भागत नाही.
पत्त्यांच्या यादीतही लिहावं लागतं,
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक,
या घरातल्या घरात फिरणाऱ्या आकड्यापुढे.
तिथं अजून बिलं-दोनच बसला होता.

या वेळी ओळी थांबल्याच नाहीत.
साल्मेच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

सातनंतर दर उतरतो, तेव्हा नातवाला पत्र पाठवलं,
मग हवामान बघितलं, मग उगाच पुन्हा हवामान.
साडेआठला दार वाजलं.
शेजारची एल्फ्रीदे, गाऊनवर कोट, हातात विजेरी:
"तासभर तुझा फोन लागत नाहीये.
मला वाटलं, गेलीस!"

"मी नाही," साल्मे म्हणाली,
"मुस्तिक बोलतेय."