हरण्यांच्या कोठीचं मोजमाप

टेपचं एक टोक रामसेवकच्या अंगठ्याखाली,
दुसरं माझ्याकडे.
दर्शनी भिंत : चौदा मीटर बत्तीस.
"फिरसे नापिए," तो म्हणतो,
"ये मकान झूठ बोलता है."

सरदार मालोजीराव हरणे फ्रान्सला कधी गेले नाहीत.
एका सचित्र मासिकात त्यांनी लुआरकाठची गढी पाहिली,
पाण्यातल्या पडछायेसकट,
आणि पत्र धाडलं.
सात महिन्यांनी पत्र्याच्या नळीतून नकाशे आले,
कुणा ओक्ताव्ह मेर्सिएने काढलेले, तेल पाजलेल्या कागदावर.
कागद इतका पातळ की
मागूनही रेघ तितकीच स्वच्छ.

नळी उघडली छिद्दी उस्तादांनी.
किल्ल्याखालच्या खाणीतला दगड त्यांना बोलायचा म्हणे,
फ्रेंच मात्र बोलत नव्हता.
कागद जसा उलगडला तसा त्यांनी पसरला,
चार कोपऱ्यांवर चार छिन्न्या ठेवल्या
आणि पाया आखला.

मग आलं ते सगळं आलं.
बर्फ घसरून जावं म्हणून उभट छप्पर.
लष्करात बर्फ यायचं ते लग्नाघरी, लाकडाच्या भुशात गुंडाळून.
छपरावरून घसरायची ती माकडं.
एका चैत्रात मात्र गारा झाल्या,
तेव्हा ताटं टाकून सगळे अंगणात धावले,
छपराला एकदा काम करताना बघायला.

पाच शेकोट्या. एकही पेटली नाही.
दिवाणखान्यातलीत गौरी बसायच्या,
आयती कमान, वर मखर कशाला?
पुढे सहकारी पतपेढी आली, तिने तिथे थकबाकीदार ठेवले,
वर्षवार, लाल फडक्यात.
खांबांवर द्राक्षवेल होता नकाशात.
उस्तादांनी द्राक्षं पाहिली नव्हती.
फळांवर बोट फिरवते :
कारली. नीट, खडबडीत, एकेक फोड कोरलेली.

दुपारी दोनला मला जिना कळला.
वर जाताना तो डावीकडे वळतो.
दारांच्या बिजागऱ्या सगळ्या चुकीच्या हाताला.
गढीतल्या प्रार्थनाघराचं इथे देवघर झालं,
त्याची खिडकी उगवतीला हवी,
ती मावळतीला आहे. दिवेलागणीला ऊन
थेट देवांच्या डोळ्यांत.
मी वही उलटी धरली आणि तिथेच पायरीवर बसले.
कागद पालथा होता.
अख्खी कोठी पालथ्या कागदावरून उठलेली,
त्या मासिकातल्या पाण्यातून काढून
वाळत घातल्यासारखी.

राहिली दारावरची ओळ.
कुणी म्हणे यंत्र, कुणी म्हणे हरण्यांच्या कुळाचा मंत्र.
दर दसऱ्याला हळदकुंकू लागून
अक्षरं पिवळट, मऊ झालेली.
मी पर्समधला आरसा काढला.
अक्षरं एकेक करून सरळ झाली.
फ्रेंच. फोनमध्ये शोधली.

'मागील बाजूने उतरवू नये.'

मेर्सिएने कोपऱ्यात लिहिलेली सूचना.
कागदावर जे जे होतं
ते ते उस्तादांनी इमानाने कोरलं,
तीन इंच खोल, भोवती कारल्यांचा वेल.

कोठीच्या रोजकीर्दीत, मोडीतून उतरवून घेतलेली एक नोंद आहे :
'आज पाँडिचेरीहून फिरंगी पाहुणे आले.
दारातच उभे राहून फार हसले, डोळ्यांत पाणी आले.
कोठी पसंत पडली असावी.
शेला व नारळ दिला. रुपये अकरा.'

"क्या लिखा है, मॅडम?"
रामसेवक शिडीवर, हातात आंब्याचं तोरण.
दसरा परवावर आलाय.
खिळे त्या ओळीच्या वरच आहेत, तेच जुने,
कुणीतरी जपून, अक्षर न दुखावता ठोकलेले.

मी आरसा मिटला.
नकाशात जिना डावीकडेच वळवला, देवघर मावळतीला.
वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला
आणि कागदाची कुठली बाजू पुढची,
ते लिहायला पेन टेकवलं,
मग उचललं.

"थोडं डावीकडे," मी म्हटलं.
"नाही, माझ्या डावीकडे."