दीड किलो

वॉर्ड ऑफिसातून पिंप आलं तेव्हा
झाकणाला कागद चिकटवलेला होता:
ओल्याचा एक थर, सुक्याचे दोन.
हाडं नकोत, रस्सा नको.
हे कोल्हापुरात सांगणारा माणूस कुठला,
ह्यांनी विचारलं, आणि पेपर वाचत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात वास सुटला.
वरचे चौगुले खिडकी आपटून लावायचे,
दिवसातून चारदा,
आम्हाला ऐकू येईल अशी.
कागदाच्या तळाशी नंबर होता. लावला.

बिल्किस मुजावर आली स्कूटीवरून.
बांगड्या कोपराकडं सारल्या
आणि हात सरळ आत.
मी नाकाला पदर लावलेला, ती मूठभर काढून हुंगतेय.
"सडतंय म्हणू नका काकी, गुदमरतंय.
रसवंतीवरची चिपाडं आणा, वाळवून, बारीक तोडून.
वर ताक शिंपडा जरा. आणि रोज हलवायचं,
झोपलेल्या पोराला कुशीवर वळवतो तसं."
हे कागदावर नव्हतं.

मग चिपाडं. मग ताक.
मग एका सकाळी आत हात घातला तर ऊब,
ताप उतरत आलेल्या कपाळाएवढी.
चौगुल्यांच्या केळीच्या साली आता
दोरीला बांधलेल्या पिशवीतून खाली येतात,
न बोलता.

दिवाळीच्या आधी चाळण धरली.
काळं, भुसभुशीत पडत राहिलं खाली.
वर आंब्याची कोय,
सफरचंदावरचं स्टिकर, जसंच्या तसं,
आणि खण्णकन
माझी सोलणी.

जूनमध्ये हरवलेली.
तानूबाईला मी काही बोलले नव्हते.
एवढंच, कपाटाला कुलूप घालत होते,
आणि ती भांडी घासून गेली की चमचे मोजत होते.
कधी कधी ती जिन्यातच असायची.
स्टीलचा आवाज होतो मोजताना.

बटाट्याच्या सालींबरोबर
माझ्याच हातानं गेली होती.

घरफाळ्यात सूट हवी तर फॉर्म भरा,
साहेब म्हणाले. तयार खत, किलोमध्ये.
दीड, मी लिहिलं.
दोन होतं खरं तर.
अर्धा किलो तानूबाईच्या कारल्याला.
"कशाला ओ वैनी?" म्हणाली.
तोंडाशी आलं होतं.
बुडाशी घाल, म्हटलं, एकदम नको.

सोलणी धुऊन पुन्हा खिळ्याला अडकवली.
तिनं बघितली.
त्या दिवशी भांडी
नेहमीपेक्षा जोरात घासली गेली.