कोट परत करताना

सतराव्या दिवशी मी मेलो.
दुसऱ्याच टेकमध्ये, बऱ्यापैकी.
आज पंचविसावा, शेवटचा दिवस,
आणि आज मला या घरात
पहिल्यांदा पाऊल टाकायचं आहे.

बेगाइम म्हणते, काय करणार, ओरोझ-आके,
घरमालक परवा भिंतींना चुना लावतोय.
सत्तावीस वर्षांची पोर.
बापाची मोटार विकून कॅमेऱ्याचं भाडं भरलं,
आता चालत सेटवर येते.
हातात सीनचा कागद,
त्याच्या पाठीवर बटाटे, कांदे, मेणबत्त्यांचा हिशोब.

बालिकचीचं बंदर आता नावापुरतं.
क्रेन मान वाकवून उभी,
गळाला नुसता वारा.
आम्ही अकरा जण, एक व्हॅन, एक इस्त्री,
आणि रोज तोच शोर्पा,
रोज थोडा जास्त पातळ.
मागे तळं. ऐन थंडीतही गोठत नाही,
हट्टी आहे.

चाळीस वर्षं नारीनच्या रंगमंचावर
मी खान केले, वजीर केले,
एकदा घोड्याचे मागचे पायसुद्धा.
शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जावं
असं रडायला शिकलो.
इथे ही पोर म्हणते, कमी.
अजून कमी.
दार उघडणाऱ्या माणसाला ठाऊक नसतं
कुणी बघतंय म्हणून.

पहिले आठ दिवस मनातून चिडलो होतो.
नवव्या दिवशी किटली उचलली
आणि कॅमेरा विसरलो.
कुणी काही बोललं नाही.
फक्त बेगाइमनं स्वतःची खुर्ची
मला बसायला दिली.

मेकअपच्या पोरीनं डोळ्यांखाली बोट फिरवून
माझे सहा महिने पुसले.
याहून जास्त पुसता येत नाहीत, म्हणाली.
मग मी अंगणातून आलो,
बूट झटकले,
दार ढकललं.
ज्या पलंगावर मी मरून पडलो होतो
तो पलंग पहिल्यांदाच पाहतोय असा पाहिला.

कट.
कसा आलो?
बेगाइम बराच वेळ छोट्या पडद्याकडे बघत राहिली.
निघालेल्या माणसासारखे आलात, म्हणाली.
पुन्हा करू?
नको. हाच ठेवते.

मग तिलेकनं हात वर केला:
कुणी हलू नका,
खोलीची शांतता भरून घेतो. एक मिनिट.
अकरा माणसं जागच्या जागी थिजली,
एकाच्या हातात पाव, एकीच्या तोंडात टाचण्या.
बाहेर पत्रा वाजला.
माझं पोट गुरगुरलं.
एरवी हसले असते सगळे.
आज एर्मेकनं फक्त
कॅमेऱ्यावर पंचा घातला, आवाज न करता,
मूल झोपल्यावर घालतात तसा.

सगळ्यांच्या मिठ्या मारून झाल्या
तरी कोट माझ्या अंगावरच होता.
खरा कोट. क्रेन चालवणाऱ्या मुकाशचा,
तीन वर्षांपूर्वी गेला तो.
त्याच्या बायकोनं उसना दिलेला,
एका अटीवर: धुवायचा नाही.

सालकिन दारातच उभी होती.
कोट घेतला, खांदे चाचपले,
आणि बाई माणूस धुण्याआधी घालते तसा
सवयीनं खिशात हात घातला.
मूठ बाहेर आली. सूर्यफुलाच्या बियांची सालं.
माझी. प्रत्येक सीनआधीची.
मी माफी मागायला तोंड उघडलं.

त्याला दातच नव्हते शेवटी, ती म्हणाली.
कधीचा खाल्ल्या नव्हत्या त्यानं.
थोडा वेळ सालांकडे बघत राहिली,
मग मूठ तशीच
परत खिशात रिकामी केली
आणि दार लावून घेतलं.
वाऱ्यानं लागलं असेल.

व्हॅनमध्ये हात गार पडले,
मी ते खिशात घालायला गेलो.
खिसा नव्हता.
तिलेकनं न बघता
मूठभर बिया पुढे केल्या.
रस्ताभर फोडत बसलो.
सालं कुठं टाकावीत
कळेना.